चाळिशीनंतर लागलेला षड्ज

पंडित विष्णू नारायण भातखंडे यांचे नाव ठाऊक नाही असा संगीताचा विद्यार्थी महाराष्ट्रात सापडणे कठीण. परीक्षेच्या वर्गात पाऊल टाकले, की दहा थाटांची नावे पाठ करावी लागतात आणि ‘क्रमिक पुस्तक मालिके’चा एखादा भाग पिशवीत येऊन पडतो. स्वराखालची आडवी रेघ म्हणजे कोमल आणि डोक्यावरची उभी रेघ म्हणजे तीव्र, हे समीकरण तर मुलांच्या अंगवळणीच पडलेले असते. मात्र ज्या माणसाने ही सारी व्यवस्था उभी केली, तो व्यवसायाने वकील होता आणि त्याचे खरे कार्य चाळिशी उलटल्यावर सुरू झाले, याची आठवण फारशी कुणी ठेवत नाही.

नोकरीधंद्याच्या धबडग्यात मनातली कला मागे पडली, आता या वयात काय होणार, असे म्हणत उसासा टाकणारी माणसे आपल्या आसपास पुष्कळ आहेत. भातखंडे यांचे आयुष्य अशा माणसांनी पुन्हा एकदा उलगडून पाहावे असे आहे.

वाळकेश्वर ते न्यायालय

भातखंडे यांचा जन्म १० ऑगस्ट १८६० रोजी मुंबईत वाळकेश्वर येथे झाला. तो दिवस गोकुळाष्टमीचा होता. संगीताची ओढ बालपणापासूनच होती. आधी बासरी हाती आली, मग सतार. सतारीचे शिक्षण त्यांनी वल्लभदास दामुलजी यांच्याकडे घेतले. त्या काळी पांढरपेशा घरातल्या मुलाने गाण्याबजावण्याच्या नादी लागणे हे अभ्यास बुडवण्याचे लक्षण मानले जाई. भातखंडे यांनी अभ्यास बुडवला नाही आणि सतारही सोडली नाही. १८८५ मध्ये ते बी. ए. झाले. दोन वर्षांनी, १८८७ मध्ये, त्यांनी कायद्याची पदवी मिळवली. काही काळ कराचीत आणि पुढे मुंबईत त्यांनी वकिली केली.

त्याआधीच, १८८४ मध्ये, त्यांच्या आयुष्याला वळण देणारी एक गोष्ट घडली होती. मुंबईतील पारशी मंडळींनी १८७० मध्ये स्थापन केलेल्या ‘गायन उत्तेजक मंडळी’चे ते सभासद झाले. तेथे नामांकित गवयांचे गाणे ऐकायला मिळे आणि तालीमही मिळे. रावजीबुवा बेलबागकर यांच्याकडून भातखंडे यांनी ध्रुपदे घेतली. अली हुसेन आणि विलायत हुसेन यांच्याकडून ख्याल घेतले. दिवसा अशिलांची कागदपत्रे आणि संध्याकाळी मंडळीतली तालीम, असा क्रम वर्षानुवर्षे चालला. पुढे पन्नाशीच्या उंबरठ्यावर त्यांच्या हातून जे ग्रंथकार्य झाले, त्याची बी या संध्याकाळच्या तासांत पेरली गेली होती.

याच काळात एक कोडे त्यांना छळू लागले. संस्कृत ग्रंथांत रागांची जी वर्णने होती, ती प्रत्यक्ष गायल्या जाणाऱ्या रागांशी जुळत नव्हती. एकच राग दोन गवई दोन तऱ्हांनी गात आणि दोघेही परंपरेचा दाखला देत. राग, त्याच्या रागिणी, त्यांचे पुत्र अशा कुटुंबवजा वर्गीकरणातून स्वरांचा काहीच उलगडा होत नव्हता. वकिलाच्या मनाला पुरावा हवा होता. तो ना पोथीत पुरता सापडत होता, ना मैफलीत.

रिकामे झालेले घर

१९०० मध्ये भातखंडे यांची पत्नी निवर्तली. त्या वेळी ते चाळीस वर्षांचे होते. त्या दुःखातून सावरतात न सावरतात तोच १९०३ मध्ये त्यांची मुलगीही गेली. तीन वर्षांत घर रिकामे झाले.

अशा आघातानंतर माणूस कामात स्वतःला बुडवून घेतो किंवा सगळ्यातूनच अंग काढून घेतो. वकिलीत अधिक पैसा मिळवण्याचा मार्ग भातखंडे यांना मोकळा होता. दुसरा विवाह हा तर त्या काळचा सरधोपट रिवाज होता. त्यांनी या दोन्ही वाटा सोडल्या. संसाराची जबाबदारी उरली नव्हती आणि गरजा मोजक्या होत्या. त्यांनी वकिली हळूहळू आवरती घेतली आणि उरलेले आयुष्य संगीताला दिले.

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. चाळिशीनंतर मैफलीचा गवई होण्याचा हट्ट त्यांनी धरला नाही. त्या वयात आवाज किती साथ देईल आणि घराणेदार तालमीत कोवळ्या वयापासून मुरलेल्या उस्तादांपुढे आपण कुठे असू, हे त्यांना ठाऊक असणार. कायद्याने त्यांना उलटतपासणी, टिपणे आणि वर्गीकरण यांची सवय लावली होती. तरुण गवयापाशी जे नव्हते ते त्यांच्यापाशी होते. त्याचाच त्यांनी संगीतासाठी उपयोग केला. उशिरा सुरू केलेल्या कलाजीवनाला आधीच्या आयुष्याची शिदोरी कशी कामी येते, हे त्यांच्या उदाहरणातून स्पष्ट दिसते.

प्रश्नांची पोतडी

१९०४ मध्ये, चव्वेचाळिसाव्या वर्षी, भातखंडे दक्षिणेच्या प्रवासाला निघाले. मद्रास, तंजावर, मदुराई, एट्टयपुरम अशी ती वाट होती. बरोबर प्रश्नांची यादी असे. पंडितांना गाठायचे, ग्रंथ कोणते वाचले ते विचारायचे, राग गाऊन दाखवण्याची विनंती करायची आणि मुक्कामी परतल्यावर सगळे रोजनिशीत उतरवायचे, हा परिपाठ होता. कित्येक ठिकाणी निराशा पदरी पडली. काहींना ग्रंथांची केवळ नावे ठाऊक होती, तर काही जण पोथी दाखवायलाही तयार नव्हते.

एट्टयपुरम येथे मात्र त्यांना सुब्बराम दीक्षितर भेटले. मुत्तुस्वामी दीक्षितर यांच्या घराण्यातील या विद्वानाचा ‘संगीत संप्रदाय प्रदर्शिनी’ हा ग्रंथ त्याच वर्षी प्रसिद्ध झाला होता. सतराव्या शतकातील व्यंकटमखी यांच्या ‘चतुर्दंडिप्रकाशिका’ या ग्रंथाची प्रत भातखंडे यांना या प्रवासात मिळाली. सप्तकातील बारा स्वरस्थानांच्या आधारे बहात्तर मेल रचण्याची ती पद्धत पाहून, उत्तरेच्या रागांनाही अशी एखादी चौकट देता येईल, असा विश्वास त्यांना वाटू लागला.

पुढे १९०७ मध्ये नागपूर, कलकत्ता आणि जगन्नाथपुरी, तर १९०८ मध्ये अलाहाबाद, बनारस, लखनौ, आग्रा, दिल्ली, जयपूर, बिकानेर असा प्रवास झाला. पोथ्या उतरवून घेणे जितके कठीण होते, त्याहून उस्तादांच्या कंठातील चिजा मिळवणे कठीण होते. घराण्याची चीज म्हणजे वंशपरंपरेची ठेव. ती परक्याला, त्यातही कागदपेन घेऊन बसलेल्या वकिलाला कोण देणार? भातखंडे यांनी त्यासाठी शिष्यत्व पत्करले. जयपूरच्या मनरंग परंपरेतील महंमद अली खाँ यांच्या घराण्याकडून त्यांना मोठा साठा मिळाला. रामपूर दरबारचे नवाब हमीद अली खाँ आणि तानसेनाच्या परंपरेतील वझीर खाँ यांच्याशीही त्यांचा संबंध आला. पन्नाशीच्या घरातील पदवीधर माणसाने पुन्हा विद्यार्थी होऊन बसणे सोपे नव्हते.

ग्रंथकार आणि रचनाकार

पन्नाशीच्या आसपास ग्रंथ येऊ लागले. ‘श्रीमल्लक्ष्यसंगीतम्’ हा संस्कृत ग्रंथ त्यांनी ‘चतुर पंडित’ या नावाने लिहिला. त्याचे विवेचन करणारी ‘हिंदुस्थानी संगीत पद्धती’ मात्र मराठीत लिहिली. तिचा पहिला भाग १९१० मध्ये आला आणि चौथा १९३२ मध्ये, लेखकाच्या बहात्तराव्या वर्षी. गुरू आणि शिष्य यांच्या संवादाच्या रूपाने रागामागून राग उलगडत जाणारे हे लेखन आजही वाचनीय आहे. देशभरातील विद्यार्थी ते हिंदी अनुवादातून वाचतात. मूळ मराठीत आहे, याचा विसर मराठी वाचकालाही पडला आहे.

बहात्तर मेलांपैकी उत्तरेत प्रत्यक्ष गायल्या जाणाऱ्या रागांना पुरतील असे दहा थाट त्यांनी निवडले. बिलावल, कल्याण, खमाज, भैरव, पूर्वी, मारवा, काफी, आसावरी, भैरवी आणि तोडी ही ती नावे. पोथीपेक्षा प्रचार मोठा, हे सूत्र त्यांनी मानले. गवई आज जे गातात त्याला नियम शोधून द्यायचा, हा त्यांचा आग्रह होता. चिजा लिहून ठेवण्यासाठी त्यांनी सोपी स्वरलिपी घडवली. टिंब वर की खाली यावरून सप्तक कळावे, समेला फुली आणि खालीला शून्य, इतकी ती सुटसुटीत होती. याच लिपीत ‘क्रमिक पुस्तक मालिके’च्या सहा भागांत १८०० हून अधिक रचना संग्रहित झाल्या.

हे सारे संकलन आणि शास्त्र झाले. पण भातखंडे यांच्यातील कलावंत यात हरवला नाही. त्यांनी स्वतः शेकडो रचना केल्या. ‘चतुर’ आणि ‘हररंग’ ही त्यांची टोपणनावे त्यांच्या चिजांतून आढळतात. लक्षणगीत हा प्रकार त्यांनी विशेष जोपासला. रागाचे वादी-संवादी, आरोह-अवरोह, वर्ज्य स्वर हे सारे त्याच रागात बांधलेल्या गीतातून सांगायचे, अशी ती युक्ती. नियम पाठ करण्याचा कंटाळा आलेल्या विद्यार्थ्याला तो गाताना आपोआप कळावा, हा त्यामागचा हेतू. शास्त्राची शिस्त आणि निर्मितीचा आनंद यांची सांगड त्यांनी अशी घातली.

परिषदा, विद्यालये आणि वाद

१९१६ मध्ये सयाजीराव गायकवाड यांच्या आश्रयाने बडोद्यात पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली. तिची सूत्रे भातखंडे यांच्याकडे होती. उस्ताद आणि पंडित एका व्यासपीठावर बसून रागांची चर्चा करीत आहेत, हे दृश्य नवे होते. १९१८ मध्ये दिल्ली, १९१९ मध्ये बनारस आणि पुढे लखनौ येथे परिषदा झाल्या. ग्वाल्हेरला माधवराव शिंदे यांच्या पाठबळाने १९१८ मध्ये माधव संगीत विद्यालय सुरू झाले. राष्ट्रीय संगीत अकादमीचे त्यांचे स्वप्न मात्र दिल्लीत साकारले नाही. अखेर राय उमानाथ बली यांच्या प्रयत्नाने १९२६ मध्ये लखनौत मॅरिस कॉलेज उघडले, तेव्हा भातखंडे सहासष्ट वर्षांचे होते. त्यांचे शिष्य श्रीकृष्ण नारायण रातंजनकर यांनी १९२८ पासून या संस्थेची धुरा वाहिली. के. जी. गिंडे, एस. सी. आर. भट यांच्यासारखे गायक-गुरू रातंजनकर यांच्या तालमीतून पुढे आले.

भातखंडे यांच्यावर टीकाही झाली आणि ती सगळीच अनाठायी नव्हती. दहा थाटांत सगळे राग बसत नाहीत, काही ओढूनताणून बसवावे लागतात, हा आक्षेप जुना आहे. कागदावरील स्वरलिपीत मींड आणि आंदोलन यांचा प्राण उतरत नाही, हेही खरे. शास्त्र न जाणणाऱ्या उस्तादांविषयी त्यांनी काही ठिकाणी कठोर लिहिले, त्याची चिकित्सा अलीकडच्या अभ्यासकांनी केली आहे. त्यांच्या ग्रंथांतील चिजांचा मोठा भाग त्याच मुसलमान घराण्यांच्या कंठातून आला, हे विसरून चालणार नाही. समकालीन विष्णू दिगंबर पलुस्कर यांनी गाणे मध्यमवर्गीयांच्या घरात नेले. भातखंडे यांनी त्या घरातल्या फडताळात संगीताची पुस्तके ठेवली. दोघांच्या वाटा निराळ्या होत्या, पण एकाशिवाय दुसऱ्याचे काम अपुरे राहिले असते.

अखेरची वर्षे

१९३३ मध्ये भातखंडे यांना अर्धांगवायूचा झटका आला. ज्या माणसाने देश पालथा घातला, तो अंथरुणाला खिळला. तोवर ‘पद्धती’चा चौथा भाग प्रसिद्ध झाला होता आणि लखनौचे विद्यालय शिष्याच्या हाती स्थिरावले होते. १९ सप्टेंबर १९३६ रोजी, गणेश चतुर्थीच्या दिवशी, मुंबईत त्यांचे निधन झाले. १९६१ मध्ये टपाल खात्याने त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले. लखनौच्या संस्थेला पुढे त्यांचे नाव देण्यात आले आणि आज ती विद्यापीठ आहे.

मुंबईत आजही संध्याकाळी गाण्याच्या वर्गांना पन्नाशी गाठलेली माणसे येतात. कचेरीतून थेट आलेली, हातात डब्याची पिशवी असलेली. लहान मुलांच्या शेजारी बसून ती भूपाचे आरोह-अवरोह म्हणतात आणि चुकली की ओशाळतात. त्यांनी ओशाळण्याचे कारण नाही. त्यांच्यापुढे उघडलेले पुस्तक ज्याने रचले, तोही दिवसभराचे काम आटोपून संध्याकाळी तालमीला बसणारा एक वकील होता.