आधी प्रश्न, मग पान : मायकेल फॅरेडे



स्मरणिकेसाठी काहीतरी लिही, असा निरोप आला तेव्हा मला विज्ञानाच्या तासाला भेटलेले मायकेल फॅरेडे आठवले. त्यांचं नाव आपण एका नियमापुरतं पाठ केलं. ते शिकले कसे, हे मला नोकरीत बरीच वर्षं घालवल्यावर कळलं.

२२ सप्टेंबर १७९१ रोजी, आज लंडनमध्ये मोडणाऱ्या एका भागात, लोहाराच्या घरी मायकेलचा जन्म झाला. शाळा झाली ती जेमतेम लिहिण्यावाचण्यापुरती. चौदाव्या वर्षी तो पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारीला लागला आणि बांधायला आलेली पुस्तकं वाचू लागला. त्यांत जेन मार्सेट यांचं रसायनशास्त्राचं पुस्तक होतं. ते संवादाच्या रूपात आहे : दोन मुली शंका विचारतात आणि बाई प्रयोगांच्या आधारे समजावतात. पुस्तकात प्रश्न आधी येतो, माहिती नंतर. मायकेल जमतील ते प्रयोग स्वतः करून ताडून पाहायचा. या पुस्तकाचं ऋण त्यांनी पुढे आयुष्यभर मानलं.

१८१२ मध्ये दुकानाच्या एका गिऱ्हाइकाने त्याला हम्फ्री डेव्ही यांच्या व्याख्यानांची तिकिटं दिली. मायकेलने टिपणं काढली, ती नीट लिहून, स्वतः बांधून डेव्हींना पाठवली. मार्च १८१३ मध्ये रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये त्याला सहायकाची नोकरी मिळाली.

विजेमुळे होकायंत्राची सुई हलते, हे ऑर्स्टेड यांनी १८२० मध्ये दाखवलं होतं. मग चुंबकापासून वीज मिळेल का? १८२२ मध्ये फॅरेडे यांनी हे काम वहीत टिपून ठेवलं. मधले प्रयत्न फसले. २९ ऑगस्ट १८३१ रोजी त्यांनी लोखंडी कड्यावर तारेची दोन वेगवेगळी वेटोळी गुंडाळली. एकाला बॅटरी जोडताच दुसऱ्याजवळची सुई क्षणभर हलली आणि पुन्हा जागेवर आली. बॅटरी काढतानाही तेच झालं. इतकी छोटी हालचाल सहज नजरेतून सुटली असती. पण नऊ वर्षं प्रश्न सोबत होता, म्हणून ती दिसली.

पुढे, पन्नाशीच्या उंबरठ्यावर, त्यांची तब्येत ढासळली आणि स्मरणशक्ती दगा देऊ लागली. आपणच केलेलं काम ते विसरू लागले. आधार होता तो वहीचा. त्यांनी १८३२ पासून नोंदींना क्रमांक दिले होते, ते पुढे सोळा हजारांवर गेले. कोणी प्रयोग दाखवू लागलं, तर ते आधी हात धरून थांबवत आणि नेमकं काय बघायचं ते विचारून घेत. याच काळात, १८४५ मध्ये, चुंबकाचा प्रकाशावर होणारा परिणाम त्यांनी शोधला. २५ ऑगस्ट १८६७ रोजी ते गेले.

वाचण्याआधी प्रश्न सोडवायचा प्रयत्न केला, तर उत्तर चुकलं तरी तो भाग नंतर जास्त लक्षात राहतो, असं आजचे अभ्यास सांगतात. मात्र जे विचारलंच नाही, त्याला हा फायदा कमी मिळतो किंवा मिळतही नाही. म्हणून प्रश्न निवडूनच घ्यावे लागतात.

हे वाचून मला धड्याखालचा स्वाध्याय आठवला. आपण तो नेहमी शेवटी उघडायचो, तोही गाईड शेजारी ठेवून! पुढे दुसऱ्यांनी लिहिलेला कोडही मी तसाच वाचत गेले, पहिल्या ओळीपासून खाली. संध्याकाळी काही आठवायचं नाही. आता मी आधी कागदावर तीन प्रश्न लिहिते, त्यांची उत्तरं अंदाजाने देते आणि मगच फाईल उघडते. अंदाज बहुतेक वेळा चुकतो, पण वाचलेलं डोक्यात राहतं.

मुलीला अभ्यासाला बसवतानाही हल्ली मी स्वाध्यायाचं पान आधी उघडायला लावते. ती कुरकुरते. आपणही कुरकुरलो असतो.