दूध टिकवणारे गेल बोर्डन

सण जवळ आले की बारामती-इंदापूरच्या किराणा दुकानांत कंडेन्स्ड मिल्कचे डबे पुढे मांडले जातात. डबा फोडला की खवा आटवत बसावे लागत नाही. बर्फी, खीर, बिनअंड्याचा केक झटपट होतो. हा डबा रूढ करणारे गेल बोर्डन १८०१ मध्ये अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्यात जन्मले. शाळा फारशी झाली नाही. त्यांनी शिक्षकी केली, जमिनी मोजल्या, वृत्तपत्र काढले. मांसाच्या अर्काच्या टिकाऊ बिस्किटाला १८५१ च्या लंडन प्रदर्शनात पदक मिळाले, पण त्या धंद्यात पैसा बुडाला.

लंडनहून परतताना जहाजावरच्या आजारी गाईंचे दूध पिऊन मुले दगावली आणि बोर्डन दुधाच्या मागे लागले, असे सांगतात. गाईच्या दुधात सुमारे ८७ टक्के पाणी असते. कढईत ते आटवताना दूध करपते. साखरेच्या कामातले निर्वात भांडे पाहून त्यांना मार्ग सापडला: हवेचा दाब कमी केला की दूध कमी तापमानाला उकळते, करपत नाही. १८५६ मध्ये पेटंट मिळाले. सुरुवातीचे कारखाने बंद पडले. भांडवलदार भागीदार मिळाल्यावर जम बसला. अमेरिकेतील यादवी युद्धात सैन्याकडून प्रचंड मागणी आली. दूध घालणाऱ्या शेतकऱ्यांना गोठा, सड आणि भांडी स्वच्छ ठेवण्याची त्यांची सक्त अट असे. आपल्या दूध संकलन केंद्रांनाही ती तितकीच लागू आहे. १८७४ मध्ये ते वारले.

दूध निर्वातामुळे टिकते, असे बोर्डन मानत. खरे काम उष्णता आणि साखर करतात. उष्णतेने बहुतेक जंतू मरतात. उरलेल्यांना लागणारे पाणी साखर धरून ठेवते. साधा खवा लवकर खराब होतो आणि साखर घातलेला पेढा जास्त टिकतो, तो याचमुळे.

पण जी साखर दूध राखते, तीच आपल्याला जपून खायची आहे. लहान बाळांना हे दूध पाजल्याने कुपोषण होते, असा इशारा डॉ. सिसिली विल्यम्स यांनी १९३९ मध्ये सिंगापुरात दिला. सहा महिन्यांपर्यंत फक्त आईचेच दूध द्यावे; नंतरही कंडेन्स्ड मिल्क हा त्याला पर्याय नव्हे.

या दुधात १०० ग्रॅमला ४० ग्रॅमहून अधिक साखर घातलेली असते. म्हणजे ४०० ग्रॅमच्या डब्यात किमान १६० ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेनुसार प्रौढाने दिवसाला सुमारे ५० ग्रॅमच्या आत राहावे, २५ ग्रॅम असल्यास उत्तम. म्हणून बर्फीत वेगळी साखर घालू नका, वड्या लहान पाडा. मधुमेह असलेल्यांनी गोडाचा हिशेब जेवणातच धरावा. उघडलेल्या डब्यातले उरलेले दूध काचेच्या बरणीत काढून फ्रीजमध्ये ठेवा.