पन्नास वर्षांची शिक्षा



फुटबॉलच्या संघात अकरा खेळाडू असतात. दहा जणांच्या चुका मैदानातच विरून जातात, पण अकराव्याची चूक फलकावर चढते. हा अकरावा म्हणजे गोलरक्षक. ब्राझीलचा गोलरक्षक मोआसिर बार्बोझा याला अशा एका चुकीची किंमत मरेपर्यंत मोजावी लागली.

बार्बोझाचा जन्म २७ मार्च १९२१ रोजी कॅम्पिनास शहरात झाला. १९४५ साली तो रिओ शहरातील व्हास्को द गामा क्लबकडून खेळू लागला. क्लबचे नाव आपल्या ओळखीचे आहे. पोर्तुगालहून तेथे गेलेल्या लोकांनी १८९८ साली तो स्थापन केला आणि १९२०च्या दशकात, इतर मोठे क्लब नाके मुरडत असताना, कृष्णवर्णीय व गरीब खेळाडूंना त्याने आपले म्हटले. बार्बोझाही कृष्णवर्णीय होता. तो हातमोजे न घालता खेळे. त्यापायी त्याची बोटे अनेकदा मोडली. १९४८ साली व्हास्को दक्षिण अमेरिकेतील विजेत्या क्लबांचा विजेता ठरला. १९४९ साली ब्राझीलने दक्षिण अमेरिकेचे अजिंक्यपद मिळवले. दोन्ही वेळी गोलात बार्बोझा होता.

१९५० साली विश्वचषक ब्राझीलमध्ये भरला. (भारतालाही या स्पर्धेत प्रवेश मिळाला होता, पण आपला संघ गेला नाही.) अंतिम गटात ब्राझीलने स्वीडनला ७-१ आणि स्पेनला ६-१ असे हरवले. १६ जुलै रोजी उरुग्वेशी नुसती बरोबरी झाली असती तरी चषक त्यांचाच होता. नव्या माराकाना स्टेडियमवर सुमारे दोन लाख माणसे जमली होती. विजयाची तयारी आधीच झाली होती.

मध्यंतरानंतर ब्राझीलने पहिला गोल केला. मग उजवीकडून गिज्जा धावत आला, त्याने चेंडू मध्ये दिला आणि स्कियाफिनोने बरोबरी साधली. ७९व्या मिनिटाला गिज्जा पुन्हा तसाच आला. या वेळीही तो चेंडू मध्ये देणार, असे वाटून बार्बोझा एक पाऊल पुढे सरकला. गिज्जाने चेंडू सरळ जवळच्या खांबालगत मारला. बार्बोझाने झेप घेतली. चेंडूला हात लागल्यासारखे त्याला वाटले, तो बाहेर गेला असेही वाटले. मग सारे स्टेडियम चिडीचूप झाले आणि त्याला कळले. उरुग्वे २-१ ने जिंकला.

तत्त्वज्ञान सांगते की, एका परिणामामागे अनेक कारणे असतात. गिज्जाला दोनदा कोणी अडवले नाही. पुढच्या फळीला दुसरा गोल करता आला नाही. विजय गृहीत धरला होता तो तर साऱ्या देशाने. पण दुःखी समाजाला अनेक कारणे नको असतात, त्याला एक माणूस हवा असतो. लेवीय पुस्तकात सर्वांची पापे डोक्यावर घेऊन रानात धाडलेला बोकड आपल्याला ठाऊक आहे. येथे दोष बार्बोझाच्या आणि बचावफळीतील दोघा कृष्णवर्णीय खेळाडूंच्या माथी आला. त्यात वर्णद्वेषही होता.

देशासाठी त्याला त्यानंतर एकच सामना मिळाला, १९५३ साली. क्लबसाठी तो चाळिशीपर्यंत खेळला आणि पुढे माराकानाच्याच आवारात साधी नोकरी करून पोट भरू लागला. एकदा दुकानात एका बाईने त्याच्याकडे बोट दाखवून आपल्या मुलाला सांगितले की, साऱ्या ब्राझीलला रडवले तो हा माणूस. तेव्हा त्या सामन्याला वीस वर्षे झाली होती. १९९३ साली तो राष्ट्रीय संघाला भेटायला गेला, तर अपशकून होईल म्हणून त्याला आत घेतले नाही. ब्राझीलच्या कायद्यात तेव्हा कमाल शिक्षा तीस वर्षांची होती. आपण मात्र पन्नास वर्षे भोगतो आहोत, असे तो अखेरीस म्हणे. त्याला मूलबाळ नव्हते. पत्नी त्याच्याआधी गेली. मानलेल्या एका मुलीने त्याची देखभाल केली. ७ एप्रिल २००० रोजी तो वारला.

२०१४ साली ब्राझील मायदेशातच जर्मनीकडून ७-१ असा हरला, तेव्हा अनेकांना बार्बोझा आठवला. पण तोवर त्याला जाऊन चौदा वर्षे झाली होती.

पेत्राने प्रभूला एकदा नव्हे, तीनदा नाकारले होते. पुनरुत्थित प्रभूने त्याला तीनदा प्रेमाविषयी विचारले आणि आपली मेंढरे त्याच्याच हाती सोपवली. चूक झाली म्हणून त्याची जागा काढून घेतली नाही. संत थॉमस अक्वायनस सांगतात की, दुर्जनाला चांगला समजून वारंवार फसणे परवडले, पण सज्जनाविषयी क्वचितही वाईट ग्रह करून घेऊ नये.

आपल्याही गावात असे बार्बोझा असतात. कोणाचा धंदा बुडाला, कोणाच्या मुलीचे लग्न मोडले, कोणी ऐन वेळी कच खाल्ली. वर्षे लोटली तरी लग्नात, मयतीत त्यांची ओळख त्या एका गोष्टीवरूनच करून दिली जाते. प्रायश्चित्त संस्कारात परमेश्वर ज्याला क्षणात मोकळे करतो, त्याला आपण किती वर्षे अडकवून ठेवायचे? या आठवड्यात अशा एका घरी जाऊन या. जुना विषय काढू नका. नुसता चहा घ्या, विचारपूस करा आणि पुढच्या रविवारी मिस्साला त्यांच्या शेजारी बसा.

आपला,
फादर