डॉ. होमी भाभा

विद्यार्थिमित्रांनो, पावसाळ्यात अकोला किंवा अमरावती जिल्ह्यातील उडदाचे शेत तुम्ही पाहिले असेल. तुमच्या गावातील एखाद्या वृद्ध शेतकऱ्याला ‘टीएयू-१’ या वाणाविषयी विचारा. उडदाचे हे वाण १९८५ साली शेतकऱ्यांसाठी प्रसारित झाले. या नावातील ‘टी’ म्हणजे ट्रॉम्बे, ‘ए’ म्हणजे अकोला आणि ‘यू’ म्हणजे उडीद. अकोल्यात कृषी विद्यापीठ आहे, हे तुम्हांला माहीत आहे. मुंबईतील ट्रॉम्बे येथे मात्र अणूचे संशोधन चालते. मग अणूचा आणि उडदाचा काय संबंध? हे समजून घेण्यासाठी एका थोर शास्त्रज्ञाचे जीवन जाणून घेऊ या. त्यांचे नाव डॉ. होमी जहांगीर भाभा.

होमी भाभा यांचा जन्म ३० ऑक्टोबर १९०९ रोजी मुंबईत एका पारशी कुटुंबात झाला. त्यांचे वडील बॅरिस्टर होते. घरात पुष्कळ पुस्तके होती. होमींना वाचनाची, चित्रकलेची आणि संगीताची आवड लहानपणीच लागली. त्यांच्या आत्याचे पती सर दोराबजी टाटा हे मोठे उद्योगपती होते. होमीने इंग्लंडला जाऊन इंजिनियर व्हावे आणि परत येऊन जमशेदपूरच्या पोलाद कारखान्यात काम करावे, असे घरच्यांनी ठरवले.

१९२७ साली होमी केंब्रिजला गेले. तेथे त्या काळी अणूच्या अंतरंगाचा शोध जोरात चालू होता. त्यांचे मन यंत्रांत रमेना. त्यांनी वडिलांना पत्र लिहून आपल्याला भौतिकशास्त्रच शिकायचे आहे, असे कळवले. वडील रागावले नाहीत. पण त्यांनी एक अट घातली. आधी इंजिनियरिंगची परीक्षा पहिल्या वर्गात उत्तीर्ण हो, मग मनासारखा अभ्यास कर, अशी ती अट होती. होमींनी १९३० साली ती पूर्ण केली. वडिलांनीही आपला शब्द पाळला. १९३५ साली होमींना पीएच. डी. पदवी मिळाली.

मुलांनो, तुम्ही हा धडा वाचत आहात, त्या क्षणीही आकाशातून अतिसूक्ष्म कण तुमच्यावर येत आहेत. त्यांना विश्वकिरण म्हणतात. या किरणांतील कण हवेतून येताना त्यांची संख्या एकाएकी खूप वाढते. असे का होते, हे एक कोडे होते. हिटलरच्या राजवटीमुळे मायदेश सोडावा लागलेले वॉल्टर हाइटलर हे जर्मन शास्त्रज्ञ तेव्हा इंग्लंडमध्ये होते. त्यांच्याबरोबर भाभांनी १९३७ साली हे कोडे सोडवले. वेगवान इलेक्ट्रॉनापासून किरण निघतो, त्या किरणापासून दोन नवे कण जन्मतात, त्यांच्यापासून पुन्हा किरण निघतात. एका दाण्यापासून अनेक दाणे व्हावेत, तसे हे होते. या शोधामुळे भाभांचे नाव जगभर झाले.

१९३९ साली ते सुट्टीसाठी भारतात आले आणि दुसरे महायुद्ध सुरू झाले. परतीची वाट बंद झाली. भाभा बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेत काम करू लागले. तेथे सर सी. व्ही. रामन भौतिकशास्त्र विभागाचे प्रमुख होते. युद्ध संपल्यावर भाभा परदेशात मोठ्या पदावर जाऊ शकले असते. परंतु त्यांच्या मनात वेगळाच विचार घोळू लागला. आपल्या हुशार मुलांना प्रत्येक वेळी परदेशातच का जावे लागावे? तसे शिक्षण आणि तशी प्रयोगशाळा आपल्याच देशात का नसावी?

१९४४ च्या मार्च महिन्यात त्यांनी टाटांच्या विश्वस्त संस्थेला पत्र लिहून मदत मागितली. १९४५ साली टाटा मूलभूत संशोधन संस्था सुरू झाली. ती आधी बंगलोरला होती. मग ती मुंबईत, ज्या घरात भाभांचा जन्म झाला, त्याच घराच्या एका भागात आली. त्याच वर्षीच्या ऑगस्ट महिन्यात जपानच्या हिरोशिमा आणि नागासाकी या शहरांवर अणुबाँब पडले. अणूची भयंकर शक्ती जगाने पाहिली. ही शक्ती माणसाच्या उपयोगी कशी पडेल, हा प्रश्न आता सर्वांपुढे उभा राहिला.

तुमच्या उर्दूत अणुऊर्जेला ‘जौहरी तवानाई’ म्हणतात. स्वतंत्र भारतात या कामासाठी १९४८ साली अणुऊर्जा आयोग स्थापन झाला आणि भाभा त्याचे अध्यक्ष झाले. १९५५ साली अणूच्या शांततामय उपयोगांवर जिनिव्हा येथे मोठी जागतिक परिषद भरली. तिचे अध्यक्षपद त्यांनाच मिळाले. ४ ऑगस्ट १९५६ रोजी ट्रॉम्बेला ‘अप्सरा’ ही अणुभट्टी सुरू झाली. तिचे इंधन इंग्लंडहून आले होते. पण भट्टी आपल्या माणसांनी उभारली होती. पुढच्याच वर्षी भाभांनी तेथे तरुणांसाठी प्रशिक्षण शाळा सुरू केली.

इतक्या कामातही ते चित्रे काढत, संगीत ऐकत. त्यांच्या संस्थेच्या भिंतीवर मकबूल फिदा हुसेन यांचे भव्य चित्र आहे. बांधकामाच्या आड झाड आले, तर ते न तोडता मुळांसकट दुसरीकडे लावावे, असा त्यांचा आग्रह असे.

२४ जानेवारी १९६६ रोजी ते व्हिएन्नाला निघाले होते. आल्प्स पर्वतातील माँ ब्लाँ शिखरावर त्यांचे विमान कोसळले. भाभा तेव्हा अवघे ५६ वर्षांचे होते. देश शोकात बुडाला. आता हे काम कसे चालणार, अशी चिंता अनेकांना वाटली.

पण काम थांबले नाही. भाभांनी माणसे तयार केली होती. त्यांच्या नंतर तीन वर्षांनी, १९६९ साली, तारापूरच्या अणुवीज केंद्राची वीज मिळू लागली. १९६७ साली ट्रॉम्बेच्या केंद्राला भाभांचे नाव देण्यात आले. तेथील शास्त्रज्ञ बियाण्यांवर किरण सोडून त्यांच्या गुणांत बदल घडवू लागले. असे बदललेले वाण आणि जुने वाण यांचा संकर करून, वर्षानुवर्षे निवड करून, अकोल्याच्या विद्यापीठाच्या सहकार्याने ‘टीएयू-१’ तयार झाले.

भाभांनी ते उडदाचे रोप कधी पाहिले नाही. झाड लावणारा फळे खाण्यासाठी नेहमीच उरतो असे नाही. मित्रांनो, आता उडदाचे शेत दिसले, तर क्षणभर थांबा आणि परतीची वाट मोकळी झाल्यावरही मायदेशातच राहिलेल्या त्या माणसाची आठवण करा.