ज्योतिर्विद ल व्हेरिये

फ्रान्स देशातील सां-लो या गावी ११ मार्च १८११ रोजी उर्बें ल व्हेरिये याचा जन्म झाला. मुलाच्या शिक्षणासाठी वडिलांनी आपले घर विकले व त्याला पॅरिसला पाठविले. मुलाने या त्यागाचे चीज केले. प्रथम तो रसायनशास्त्राचा अभ्यासक होता; परंतु १८३७ पासून तो खगोलशास्त्राकडे वळला आणि ग्रहांच्या गतीचे गणित हाच त्याचा ध्यास झाला.

त्या काळी युरेनस ग्रहाने विद्वानांना कोड्यात टाकले होते. न्यूटनच्या गुरुत्वाकर्षणाच्या नियमाप्रमाणे तो जेथे दिसावयास हवा, तेथे दिसत नसे. इतक्या दूर अंतरावर तो नियम तंतोतंत लागू पडत नसावा, अशी शंका काहींना आली. ल व्हेरियेचा मात्र नियमावर दृढ विश्वास होता. युरेनसच्या पलीकडील एखादा अज्ञात ग्रह त्याला ओढत असला पाहिजे, असे त्याने मानले. दीर्घकाळ आकडेमोड करून त्याने त्या ग्रहाचे स्थान निश्चित केले व बर्लिनच्या वेधशाळेतील गाले यास पत्र लिहिले. २३ सप्टेंबर १८४६ रोजी पत्र पोचले. त्याच रात्री, सांगितलेल्या जागेपासून एका अंशाच्या आतच, नवा ग्रह सापडला! तोच नेपच्यून होय. इंग्लंडमधील अ‍ॅडम्स या तरुण गणितज्ञानेही स्वतंत्रपणे असेच गणित केले होते.

ल व्हेरियेची कीर्ती सर्वत्र पसरली. पुढे त्याने बुधाची गती तपासली. बुधाच्या कक्षेतील सूर्याला सर्वांत जवळचा बिंदू हळूहळू पुढे सरकतो. इतर ग्रहांचे आकर्षण हिशेबात घेऊनही शंभर वर्षांत सुमारे ३८ विकलांचा फरक उरत होता. विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग. एवढासा फरक, पण ल व्हेरियेने तो दृष्टीआड केला नाही. १८५९ मध्ये त्याने तो जगापुढे मांडला.

सूर्य व बुध यांच्यामध्येही काही अदृश्य वस्तू असावी, असे त्याला वाटले. सूर्यबिंबावरून एक काळा ठिपका सरकताना पाहिल्याचे एका खेड्यातील डॉक्टराने कळविले, तेव्हा तो स्वतः त्याच्या घरी गेला व त्याची खात्री पटली. या ग्रहाला व्हल्कन हे नावही मिळाले. परंतु तो पुन्हा निश्चितपणे कोणालाच दिसला नाही. २३ सप्टेंबर १८७७ रोजी, नेपच्यूनच्या शोधाला बरोबर ३१ वर्षे झाली त्या दिवशी, ल व्हेरिये मृत्यू पावला.

१८९४ मध्ये अमेरिकेतील हॉल याने न्यूटनच्या नियमातच किंचित बदल सुचविला. तोही टिकला नाही. अखेर १९१५ मध्ये आइन्स्टाइनने गुरुत्वाकर्षणाचा नवा सिद्धांत मांडला. वस्तुमानामुळे अवकाश व काळ यांना वक्रता येते, असे तो सांगतो. त्याने बुधाचा फरक अचूक उलगडला. सुधारित मोजणीप्रमाणे तो ४३ विकला भरतो.

आज दीर्घिकांच्या गतीविषयी तसाच प्रश्न उभा आहे. बहुसंख्य शास्त्रज्ञ अदृश्य द्रव्याचा शोध घेत आहेत, तर काही जण नियमच बदलावा असे म्हणतात. ल व्हेरियेचा एक तर्क खरा ठरला, दुसरा चुकला. परंतु त्याने प्रामाणिकपणे नोंदविलेला तो अल्पसा फरकच पुढे नव्या ज्ञानाची कसोटी ठरला.