भूल न घेता

गेल्या वर्षी सासूबाईंच्या खुब्याचं ऑपरेशन झालं. तासगावहून मिरजेला नेलं, शिरेतून भूल दिली. ऑपरेशन छान झालं, पण दुसऱ्या रात्री त्या मला ओळखेनात. बेदाण्याच्या शेडवर जायचंय म्हणून उठायला लागल्या. माझ्या पोटात गोळाच आला. डॉक्टरांनी समजावलं की उतारवयात असं होतं. एकट्या भुलेचा दोष नसतो. दुखणं, जंतुसंसर्ग, झोपमोड यांनीही होतं, आणि बहुतेकांचं काही दिवसांत निवळतं. चष्मा लावा, घरचं माणूस जवळ ठेवा.

उशाशी बसल्या बसल्या मला कस्तुरबा आठवत राहिल्या.

१८६९ साली पोरबंदरला जन्म, तेराव्या वर्षी लग्न, अक्षरओळख जेमतेम. नवऱ्यामागे दक्षिण आफ्रिकेत गेल्या. १९०९च्या सुरुवातीला डरबनला त्यांचं ऑपरेशन झालं. अंगावरून सारखं जाऊन त्या इतक्या खंगल्या होत्या, की क्लोरोफॉर्म दिलाच नाही. सगळं शुद्धीत सोसलं, बायांनो! पुढे प्रकृती ढासळली. गांधीजी जोहान्सबर्गला होते. डॉक्टरांनी फोन करून गोमांसाचं सूप देऊ का, असं विचारलं. ते धावत आले, तर डॉक्टरांनी न सांगता पाजलंही होतं! गांधीजींनी निर्णय बायकोवर सोडला. अंगात त्राण नव्हतं, पण डोकं स्वच्छ होतं. मेले तरी चालेल, पण हे नको, असं त्यांनी ठणकावलं. मग त्यांना पावसात रिक्षातून स्टेशनवर आणि पुढे झोळीतून फिनिक्सच्या वसाहतीत नेलं. असल्या अवस्थेत हलवणं मला काही पटत नाही. पण शब्द त्यांचा होता, आणि त्या बऱ्याही झाल्या.

१२ जानेवारी १९२४ला पुण्याच्या ससूनमध्ये गांधीजींचं अपेंडिक्स काढलं. त्यांना मात्र भूल मिळाली. मध्येच वीज गेली, शेवट कंदिलावर उरकला. त्याच डिसेंबरात ते आपल्या शेजारच्या बेळगावला काँग्रेसचे अध्यक्ष होते. १९२५ला आत्मकथा लिहायला घेतली. डरबनची ही हकिकत तिच्यातच आहे, सुपासकट.

कस्तुरबा २२ फेब्रुवारी १९४४ला पुण्यात, आगाखान पॅलेसच्या कैदेत गेल्या. समाधी तिथंच आहे.

पाचव्या दिवशी सासूबाईंनी मला नावानं हाक मारली. आता गुडघ्याचं निघालंय. खुब्याच्या वेळी आम्ही परस्पर सह्या केल्या होत्या. या खेपेला तारीख त्यांना विचारून घेणार आहे.