नाना शंकरशेठ: मुंबईत आगगाडी आणणारे मुरबाडचे सुपुत्र, ज्यांच्या गावात आजही रेल्वे नाही

कसारा लोकलमधून जाताना टिटवाळा, खडवलीनंतर वाशिंद लागतं. आज हे उपनगरी मार्गावरचं एक साधं स्टेशन आहे. पण १८५५ ते १८६० या काळात या दिशेची आगगाडी इथेच संपायची. पुढे नाशिकला जायचं तर बैलगाडी, घोडा नाहीतर पाय.

ही आगगाडी ज्यांच्या प्रयत्नांमुळे आली, त्यांच्यापैकी एक नाव म्हणजे जगन्नाथ शंकरशेठ मुरकुटे, म्हणजेच नाना शंकरशेठ. त्यांचा जन्म याच परिसरात, मुरबाडमध्ये झाला. त्यांच्या आयुष्याच्या साठेक वर्षांत माणसांचं खाणं, कपडे आणि प्रवास कसा बदलला, ते पाहूया.

मुरबाड ते मुंबई

नानांची जन्मतारीख साधारणपणे १० फेब्रुवारी १८०३ मानली जाते. घराणं दैवज्ञ ब्राह्मण, पिढीजात व्यापारी. वडील शंकरशेठ यांनी मुंबईत मोठी संपत्ती कमावली होती. नानांना घरीच शिक्षक ठेवून मराठी, संस्कृत आणि इंग्रजी शिकवण्यात आलं.

१८२२ मध्ये वडील गेले आणि विशीच्या आतबाहेर असलेल्या नानांवर सगळा कारभार आला. त्यांनी व्यापार सांभाळलाच, पण पैसा शाळांकडेही वळवला. एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनच्या उभारणीत ते होते. सतीबंदीच्या बाजूने ते उभे राहिले. मुलींना शिकवणं हा अधर्म समजला जात असताना त्यांनी १८४९ च्या सुमारास मुलींच्या शाळेसाठी स्वतःच्या वाड्यात जागा दिली.

तेव्हा लोक काय खायचे, काय नेसायचे?

शहापूर-मुरबाडच्या गावांत मुख्य पीक भाताचं. डोंगराकडच्या वस्त्यांत नागली आणि वरईवर दिवस निघायचे. तांदळाची किंवा नागलीची भाकरी, सोबत सुकी मासळी किंवा रानभाजी. पावसाळ्यात धान्य संपत आलं की आदिवासी वस्त्यांना कंदमुळांचा आधार असायचा. शेतात काम करताना डोक्यावर इरलं, थंडीत अंगावर घोंगडी.

मुंबईतल्या श्रीमंत घरांत चित्र वेगळं होतं. पुरुष धोतर, अंगरखा, उपरणं आणि पगडी घालत. पगडी कशी बांधली आहे यावरून माणसाची जात आणि धंदा ओळखता यायचा. बायका नऊवारी नेसत. नाना गव्हर्नरांच्या बैठकांना जात, इंग्रज अधिकाऱ्यांशी बरोबरीने बोलत, पण पगडी आणि पारंपरिक पोशाख त्यांनी सोडला नाही. एशियाटिक सोसायटीच्या टाउन हॉलमधल्या त्यांच्या पुतळ्यातही हाच पोशाख दिसतो.

आगगाडीआधीचा प्रवास

मुरबाडहून मुंबईला जायचं म्हणजे आधी बैलगाडीने कल्याण गाठायचं. तिथून खाडीमार्गे होडी. होडी भरती-ओहोटीवर चालणार, त्यामुळे कधी पोहोचणार हे कुणी सांगू शकत नसे. पावसाळ्यात नद्या भरल्या की वाटा बंद. श्रीमंतांसाठी पालखी किंवा मेणा असे, बाकीच्यांसाठी पायपीट.

घाटापलीकडचा कापूस लवकर बंदरावर यावा, ही इंग्रज व्यापाऱ्यांची गरज होती. नानांना मात्र त्यात इथल्या लोकांचाही फायदा दिसला. १८४५ मध्ये त्यांनी जमशेटजी जीजीभाय यांच्यासारख्या मंडळींसोबत रेल्वेसाठी संघटना उभी केली. पुढे ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे कंपनी आली आणि तिच्या मुंबईतल्या कामातही नाना राहिले.

१६ एप्रिल १८५३ रोजी दुपारी साडेतीनच्या सुमारास बोरीबंदरहून ठाण्याकडे पहिली प्रवासी गाडी निघाली. १४ डबे, सुमारे ४०० निमंत्रित आणि ३४ किलोमीटरचं अंतर. निमंत्रितांमध्ये नानाही होते. मग १ मे १८५४ ला गाडी कल्याणला आणि १ ऑक्टोबर १८५५ ला वाशिंदला पोहोचली.

गाडी आली, आता शिवाशिवीचं काय?

खरी अडचण रुळांची नव्हती, डब्याची होती. तिकीट काढलं की कुणीही शेजारी बसणार. ज्या समाजात कुणाच्या हातचं पाणी प्यायचं हेही जातीवर ठरायचं, तिथे हा मोठाच धक्का होता.

लोकांनी यातून वाट काढली ती शिदोरीतून. दुधात भिजवलेल्या पिठाच्या दशम्या सोवळ्यात चालतात असं मानलं जाई, त्यामुळे त्या प्रवासात सोबत असत. पोहे, लाह्या, चुरमुरे हेही चालायचं. पाण्याचा तांब्या ज्याचा त्याचा. म्हणजे बाकावर सगळे एकत्र, पण जेवताना वेगळे. जातिभेद आगगाडीने संपवला नाही, पण रोजच्या व्यवहारात त्याला पहिल्यांदाच अडचणीत आणलं.

दुसरा बदल वेळेचा. घटका-प्रहर मोजणाऱ्या गावांना मिनिटं महत्त्वाची झाली. होडी माणसांसाठी थांबायची, आगगाडी थांबत नव्हती.

शेवटची वर्षं

१८५२ मध्ये बॉम्बे असोसिएशनच्या स्थापनेत नाना पुढे होते. लोकांच्या तक्रारी सरकारसमोर मांडणारी ही मुंबईतली पहिली मोठी राजकीय संस्था. १८५७ च्या उठावानंतर खुद्द नानांवरच संशय घेतला गेला, पण चौकशीत काहीच सापडलं नाही. १८६२ मध्ये ते मुंबईच्या कायदेमंडळात गेले.

दरम्यान रूळ पुढे सरकत होते. १८६० मध्ये आसनगाव, १८६१ मध्ये कसारा. थळ घाट फोडून १ जानेवारी १८६५ रोजी गाडी इगतपुरीला पोहोचली. हे काम करताना घाटांत कितीतरी मजुरांनी अपघातांत आणि पटकीच्या साथीत जीव गमावले. त्यांची नावं कुठल्याही स्टेशनवर नाहीत.

त्याच वर्षी ३१ जुलैला नानांचं निधन झालं. मुंबईच्या रस्त्यांवर गॅसचे दिवे त्यानंतर काही महिन्यांनी लागले.

आज मुंबईत नाना चौक आहे आणि संस्कृतमध्ये मॅट्रिकला पहिल्या येणाऱ्यांसाठी सुरू झालेल्या शंकरशेठ शिष्यवृत्तीचं नाव घराघरात पोहोचलेलं आहे. मुरबाडमध्ये मात्र अजूनही रेल्वे स्टेशन नाही. कल्याण-मुरबाड मार्गाची मागणी जुनी आहे, पण आजही मुरबाडकरांना गाडी पकडायची तर आधी रस्त्याने कल्याण गाठावं लागतं. नानांच्या लहानपणी गाठावं लागायचं, तसंच. बदललंय ते एवढंच, की बैलगाडीच्या जागी एसटी आणि रिक्षा आली आहे.